बेरोजगारीच्या एका नकाशाचे कोड: लहान तुकड्याचा भार कुठे होता?

अमेरिकेतील काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बेरोजगारी दाखवणारा, निळ्या छटांचा एक नकाशा २०१२ च्या अखेरीस गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या ‘जिस्ट’ या सेवेवर ४०६०६०६ या क्रमांकाने ठेवला गेला. तो ठेवणारे माइक बॉस्टॉक हे ब्राउझरमध्ये आलेख-नकाशे काढण्याच्या ‘डी३’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे प्रमुख कर्ते असून त्या काळात ते न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागात काम करत होते. नकाशात तीन हजारांहून अधिक काउंट्या होत्या, आकडे २००८ सालचे होते, शून्य ते पंधरा टक्के या मर्यादेचे नऊ समान भाग पाडून प्रत्येक भागाला एकेक छटा दिलेली होती आणि हे सारे करणारे कोड, शैलीच्या ओळी धरूनही, शंभर ओळींच्या आत मावले होते. डी३ शिकू पाहणाऱ्याच्या हाती लवकर पडणाऱ्या उदाहरणांपैकी हे एक होते आणि अनेकांच्या पहिल्या नकाशाचा सांगाडा तेथून आला.

या अभ्यासात त्या एकाच तुकड्याची रचना, त्याची नक्कल करताना येणाऱ्या अडचणी आणि पुढील दहा वर्षांत त्याच्या भोवतालात झालेले बदल तपासले आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: हे कोड लहान राहिले, कारण त्याने आपला बराचसा भार बाहेरच्या फायलींवर आणि सेवांवर टाकलेला होता, आणि असे तुकडे जेव्हा मोडले, तेव्हा तर्कात क्वचितच मोडले, बहुधा नेमके त्या बाहेरच्या टेकूंच्या जागी मोडले.

पार्श्वभूमी

स्टॅनफर्ड विद्यापीठात बॉस्टॉक आणि जेफ्री हीर यांनी २००९ मध्ये ‘प्रोटोव्हिस’ ही लायब्ररी केली होती. २०११ मध्ये वादिम ओगिएव्हेत्स्की यांच्यासह त्याच गटाने डी३ आणले. प्रोटोव्हिसमध्ये आलेखाच्या घटकांचे स्वतःचे जग होते, तर डी३ने ब्राउझरमधील नेहमीच्या एसव्हीजी (रेषाचित्रांच्या) आणि एचटीएमएल (पानाच्या) घटकांनाच थेट आकडे जोडण्याची पद्धत दिली. त्यामुळे ती शक्तिमान झाली, पण शिकायला अवघडही झाली, कारण तयार ‘नकाशा काढ’ असा एकही आदेश तिच्यात नव्हता. अशी लायब्ररी संदर्भपुस्तिका वाचून फारशी शिकता येत नाही. चालते उदाहरण समोर ठेवून, त्यात एकेक ओळ बदलून पाहावी लागते.

जिस्ट ही सेवा २००८ पासून होती. तिच्यावरील प्रत्येक नोंद हे आतून एक छोटे गिट भांडार असते. म्हणजे फायलींचा संच, त्यातील बदलांचा इतिहास आणि दुसऱ्याने काढलेली प्रत, ज्याला सर्रास ‘फोर्क’ म्हणतात, हे सगळे आपोआप मिळते. उणीव एकच होती, ती म्हणजे जिस्ट कोड दाखवत असे, चालवत नसे. ही उणीव बॉस्टॉक यांनी ‘ब्लॉक्स’ या साइटने भरून काढली. एखाद्या जिस्टमध्ये ‘इंडेक्स.एचटीएमएल’ नावाची फाइल असली, तर ब्लॉक्स ती ९६० बाय ५०० पिक्सेलच्या चौकटीत चालवून दाखवी, तिच्याखाली ‘रीडमी’ या माहितीफाइलमधील मजकूर छापी आणि त्याखाली सर्व कोड उघडे ठेवी. लघुचित्र हवे असल्यास २३० बाय १२० पिक्सेलची एक प्रतिमा त्याच संचात ठेवायची, एवढाच अधिकचा संकेत होता. नोंदणी, संपादक, परीक्षण यांपैकी काहीही नव्हते. वरती चालता नकाशा, मधोमध चार ओळींचे स्पष्टीकरण आणि खाली तो काढणारे कोड, अशी मांडणी एकाच पत्त्यावर मिळाल्याने वाचणाऱ्याला ‘हे दिसते आहे ते नेमके कोणत्या ओळीमुळे’ हा प्रश्न जागच्या जागी सोडवता येई. ब्लॉक्सचे यश मी या मांडणीला देतो. तंत्र म्हणून त्यात फार काही नव्हते.

पुढे इयन जॉन्सन यांच्या ‘ब्लॉकबिल्डर’ने ब्राउझरमध्येच ब्लॉक लिहिण्याची, शोधण्याची आणि फोर्क करण्याची सोय दिली. फोर्क केलेल्या ब्लॉकच्या रीडमीत तो मूळ कोणाच्या ब्लॉकवरून घेतला, ही ओळ तेथे आपोआप येत असे. कॉपी-पेस्टच्या व्यवहारात श्रेयाची नोंद यंत्रानेच ठेवावी, हा मला त्यातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

कोडची चिरफाड

त्या नकाशाच्या पहिल्या, म्हणजे डी३च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये पुढील गोष्टी क्रमाने घडत होत्या. रुंदी आणि उंची ठरवली जाई. दर साठवण्यासाठी काउंटीचा क्रमांक आणि दर यांची एक कोरी सारणी तयार होई. ‘क्वांटाइझ’ मापनाने ० ते ०.१५ ही मर्यादा नऊ वर्गनावांत, म्हणजे शैलीतील एकेका छटेच्या नावात, वाटली जाई. ‘अल्बर्स-यूएसए’ हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पानावर उतरवण्याची रीत, निवडले जाई. मग दोन फायली, एक सीमांची आणि एक आकड्यांची, एकाच वेळी मागवल्या जात. आणि दोन्ही आल्यावर आधी काउंट्या रंगवून त्यांवर राज्यांच्या सीमा पांढऱ्या रेषेने काढल्या जात. नऊ छटा शैलीच्या भागात आकड्यांनिशी लिहिलेल्या होत्या. त्या भूगोलाच्या प्राध्यापिका सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’ या रंगसंचातील निळ्या मालिकेच्या होत्या.

सीमांची फाइल हा यातील सर्वांत रोचक भाग आहे. ती ‘टोपोजेसॉन’ या स्वरूपात होती. हे स्वरूपही बॉस्टॉक यांनीच २०१२ मध्ये तयार केले होते. नकाशांच्या नेहमीच्या ‘जिओजेसॉन’ स्वरूपात प्रत्येक प्रदेशाची सीमा स्वतंत्रपणे लिहिली जाते, त्यामुळे दोन शेजारी काउंट्यांची सामाईक सीमा दोनदा येते. टोपोजेसॉनमध्ये ती एकदाच, ‘आर्क’ म्हणून नोंदवली जाते आणि दोन्ही काउंट्या तिचा फक्त उल्लेख करतात. अमेरिकेच्या काउंट्यांची २.२ एमबीची जिओजेसॉन फाइल, रेषा जराही सोपी न करता (म्हणजे तिचे बिंदू कमी न करता), केवळ सीमाजाळे म्हणून ४३६ केबीपर्यंत खाली आणता येत असल्याची नोंद त्या प्रकल्पाच्या रीडमीत होती. पण फाइलच्या आकारापेक्षा दुसरा एक लाभ मोठा होता. कोणती सीमा कोणाकोणात सामाईक आहे ही माहिती हाती असल्याने ‘जिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी राज्ये आहेत तेवढीच रेषा काढ’ अशी अट एका ओळीत लिहिता येई. समुद्रकिनाऱ्याला एकच बाजू असल्याने तो त्या अटीतून आपोआप गळून पडे आणि नकाशाला विनाकारण जाड कड येत नसे. नकाशाशास्त्राचा हा बारकावा तुलनेच्या एका चिन्हात मावला होता, आणि तो मावला याचे कारण त्यामागचे सारे काम टोपोजेसॉनच्या लायब्ररीने आधीच करून ठेवले होते.

आता बाहेरचे टेकू मोजू. डी३, टोपोजेसॉन आणि दोन फायलींची वाट पाहणारी ‘क्यू’ ही छोटी लायब्ररी अशा तीन कोडफायली बाहेरून येत. आकड्यांची फाइल त्याच जिस्टमध्ये होती. पण सीमांची फाइल बॉस्टॉक यांच्याच दुसऱ्या, ४०९०८४६ क्रमांकाच्या जिस्टमधून येत होती आणि तिचा पत्ता ब्लॉक्स साइटच्या मुळापासूनचा सापेक्ष पत्ता होता. लेखकाच्या बाजूने हे योग्यच होते, कारण तीच सीमाफाइल डझनावारी ब्लॉकना पुरत होती आणि प्रत्येकात तिची प्रत ठेवण्याचे कारण नव्हते. नक्कल करणाऱ्याच्या बाजूने मात्र तो सापळा होता. ब्लॉक्सवर व्यवस्थित चालणारा तुकडा स्वतःच्या संगणकावर उतरवला, की सीमा सापडत नसत आणि पान कोरे राहत असे. त्याच्याही आधी आणखी एक अडथळा येई: फाइलवर दोनदा क्लिक करून ती थेट उघडली, तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने शेजारची आकड्यांची फाइल वाचू देत नसे. छोटा स्थानिक सर्व्हर चालू करावा लागतो ही गोष्ट कोडच्या कोणत्याही ओळीत लिहिलेली नव्हती.

तुकडा महाराष्ट्रात आणल्यास

याच कोडमध्ये महाराष्ट्राचे जिल्हे भरायचे ठरवले, तर काय होते हे पाहणे उद्बोधक आहे, कारण यातील बहुतेक बिघाड मुके आहेत. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही एरर उमटत नाही.

पहिला बिघाड प्रक्षेपणाचा. अल्बर्स-यूएसए हे मुख्य भूमी, अलास्का आणि हवाई यांची तीन प्रक्षेपणे एकत्र सांधून केलेले आहे, त्यात अलास्का ०.३५ पट आकुंचित करून खाली डावीकडे बसवलेला आहे. या तिन्हींच्या बाहेरील कोणताही बिंदू दिला, तर उत्तर ‘नल’ येते. पुण्याचे अक्षांश-रेखांश त्याला दिले, तरी ते तक्रार करत नाही, फक्त काहीच काढत नाही. येथे मर्केटर हे नेहमीचे प्रक्षेपण घेऊन त्याला दिलेल्या चौकटीत बसवण्याचा आदेश द्यावा लागतो. हा आदेश डी३च्या चौथ्या आवृत्तीपासून लायब्ररीतच आहे, त्यापूर्वी प्रमाण आणि सरकवणूक चाचपडत ठरवावी लागे.

दुसरा बिघाड एककाचा. मूळ फाइलमध्ये दर अपूर्णांकात होते, म्हणजे ९.७ टक्के हे ०.०९७ असे. आपल्या तक्त्यात ते टक्क्यांत असतील, तर प्रत्येक किंमत ०.१५ च्या वर जाते, क्वांटाइझ मापन मर्यादेबाहेरचे सारे शेवटच्या भागात ढकलते आणि अख्खे राज्य एकाच गडद निळ्यात रंगते. बघणाऱ्याला तो विदारक निष्कर्ष वाटण्याची पूर्ण शक्यता आहे.

तिसरा बिघाड जोडणीचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत खर्चिक. अमेरिकन नकाशात सीमा आणि आकडे ‘फिप्स’ या सरकारी क्रमांकाने जुळत होते. आपल्याकडे लोक जिल्ह्याच्या नावाने जुळवायला जातात आणि तेथे घसरतात. जनगणनेच्या रोमन स्पेलिंगमध्ये बीड तीन अक्षरी आहे, तर इतर बहुतेक तक्त्यांत चार अक्षरी. अहमदनगर, बुलढाणा, गोंदिया, रायगड यांचीही हीच कथा. त्यात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा जुने तक्ते आणि नव्या सीमाफायली यांत आणखी अंतर पडले. न जुळलेल्या जिल्ह्याला मूळ कोड कोणताही वर्ग देत नाही आणि एसव्हीजीचा पूर्वनिर्धारित भराव काळा असल्यामुळे तो जिल्हा काळाकुट्ट दिसतो. ‘माहिती नाही’ यासाठी वेगळा राखाडी रंग ठेवण्याची ओळ मूळ तुकड्यात नव्हती, कारण तेथे तिची गरज पडली नव्हती. यावर उपाय क्रमांकाचाच आहे: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या जिल्ह्यांना नंदुरबारपासून सांगलीपर्यंत ४९७ ते ५३१ असे सलग क्रमांक आहेत आणि पुणे ५२१ आहे. पण ते जिल्हे ३५ आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे ३६ जिल्ह्यांच्या सीमाफाइलला २०११ चे आकडे जोडताना पालघर रिकामा राहतो, आणि ठाण्यावर जो आकडा छापला जातो तो त्या आखूड झालेल्या ठाण्याचा नसतो. ही चूक रंगावरून ओळखू येत नाही, म्हणून ती काळ्या जिल्ह्यापेक्षा वाईट.

चौथा बिघाड मात्र डोळ्यात भरतो. डी३ भूमितीचा विचार सपाट कागदावर न करता गोलावर करते, आणि गोलावर कोणत्याही बंद रेषेला दोन ‘आत’ असतात. कोणता घ्यायचा हे रेषेच्या दिशेवरून ठरते. डी३मध्ये बाहेरची कडा घड्याळाच्या दिशेने असावी लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ७९४६’ या जिओजेसॉनच्या मानकाने मात्र उलट दिशा सांगितली. त्यामुळे मानकाप्रमाणे निर्दोष असलेली जिल्ह्यांची फाइल डी३ला दिली की पहिलाच जिल्हा स्वतः सोडून उरलेली सगळी पृथ्वी रंगवतो आणि पानावर एक भरीव आयत दिसतो. कारण ठाऊक असले, तर कड्यांची दिशा उलटणे हे एका आदेशाचे काम आहे. ठाऊक नसले, तर चुकीच्या जागी शोध घेण्यात दिवस जाऊ शकतो.

याच वळणावर सीमांचा कायदेशीर प्रश्नही येतो. ४०९०८४६ या जिस्टमध्ये जगाची फाइलही होती आणि ती ‘नॅचरल अर्थ’ या मुक्त नकाशासंग्रहावरून, १ : ११ कोटी प्रमाणाच्या थरातून घेतलेली होती. नॅचरल अर्थ प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखवतो, त्यामुळे तिच्यातील काश्मीर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे येत नाही. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार आणि त्याच्या १९९० च्या दुरुस्तीनुसार, सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे. कॉपी केलेल्या एका फाइलच्या पत्त्याबरोबर हेही आपल्या पानावर येते. नॅचरल अर्थने नंतर वेगवेगळ्या देशांच्या अधिकृत भूमिकेनुसार स्वतंत्र फायली दिल्या असून त्यांत भारताचीही आहे.

दहा वर्षांची झीज

जून २०१६ मध्ये डी३ची चौथी आवृत्ती आली आणि लायब्ररीचे अनेक छोट्या भागांत विभाजन झाले. मापने, प्रक्षेपणे, आलेखरचना यांची जवळपास सगळी नावे बदलली. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत फायली मागवण्याची पद्धत ‘प्रॉमिस’वर, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबण्याच्या जावास्क्रिप्टच्या अंगभूत सोयीवर, गेली, म्हणून ‘क्यू’ची गरजच उरली नाही, २०२० च्या सहाव्यात माउसच्या घटना हाताळण्याची जुनी रीत काढून टाकली. जुने ब्लॉक मात्र यामुळे मोडले नाहीत, कारण प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या ओळींत डी३च्या ठरावीक आवृत्तीचा पत्ता होता आणि त्या पत्त्यावरची जुनी फाइल कोणी काढून टाकली नाही. आवृत्ती न लिहिता ‘सर्वांत ताजी’ मागवणारे तुकडे मात्र कोलमडले. आवृत्तीचा आकडा पत्त्यातच लिहिण्याची ही साधी सवय एका लायब्ररीच्या हजारो उदाहरणांचे आयुष्य कसे वाढवते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

बेरोजगारीच्या नकाशाचे स्वतःचे कोडही चौथ्या आवृत्तीसाठी पुन्हा लिहिले गेले, आणि ते त्याच क्रमांकावर. सीमांची नवी फाइल आधीच प्रक्षेपित करून ९६० बाय ६०० च्या चौकटीत बसवलेली होती, म्हणून कोडमधून प्रक्षेपणाची ओळच गेली; काउंटीचा क्रमांक आधी संख्या होता, आता तो पाच अंकी मजकूर झाला, त्यामुळे अलाबामाच्या काउंट्यांच्या सुरुवातीचे शून्य टिकले. दोन्ही सुधारणा उत्तम होत्या. तरीही नवा सांगाडा नकलून त्यात स्वतःची साधी जिओजेसॉन भरणाऱ्याचा नकाशा आता वरच्या डाव्या कोपऱ्याशी, उलटा आणि नखाएवढा येऊ लागला, कारण अंशांतले रेखांश थेट पिक्सेल म्हणून वाचले जात होते. जुनी प्रत जिस्टच्या इतिहासात सुरक्षित होती, परंतु तेथवर जाऊन पाहणारा विरळा.

बाकीची पडझड पायाभूत सेवांची होती. ब्लॉक्सची साइट सुरक्षित जोडणीवर गेल्यानंतर, ज्या ब्लॉकमध्ये लायब्ररीचा जुना असुरक्षित पत्ता पूर्ण लिहिलेला होता, तेथे ब्राउझरने ती लायब्ररी रोखली. गिटहबवरील फायली थेट वेबपानांना पुरवणारी ‘रॉगिट’ ही सेवा बंद होत असल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झाले आणि तिच्यावर विसंबलेल्या तुकड्यांना आकडे मिळेनासे होण्याची वेळ आली. बॉस्टॉक यांचे लक्ष तोवर ‘ऑब्झर्व्हेबल’ या नव्या व्यासपीठाकडे वळले होते, आणि पुढे ब्लॉक्सही बंद झाले. जिस्ट राहिले, म्हणजे कोड राहिले. ते चालवून दाखवणारी चौकट तेवढी गेली. इतरांनी तशाच चौकटी उभ्या केल्या, पण जुने लेख, अभ्यासक्रम आणि प्रश्नोत्तरे यांतील मूळ दुवे मेले.

ऑब्झर्व्हेबलमध्ये कोड पानाऐवजी ‘वही’च्या कप्प्यांत लिहिले जाते आणि एक कप्पा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप पुन्हा चालतात. आकड्यांची फाइल वहीला जोडून ठेवता येते, म्हणजे सापेक्ष पत्त्याचे दुखणे तेथे मुळातूनच गेले, आणि फोर्क केल्यावर नकाशा पहिल्या क्षणापासून चालतो. शिकणाऱ्यासाठी ही व्यवस्था ब्लॉक्सपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते. मात्र वहीतील कोड उचलून आपल्या पानात टाकले, तर ते साधे जावास्क्रिप्ट म्हणून चालत नाही. कप्प्यांचा क्रम आणि नावे समजणारी त्यांची मुक्त स्रोत यंत्रणा सोबत घ्यावी लागते. ब्लॉकमधले ‘सगळे निवडा, कॉपी करा, साठवा’ एवढ्यावर भागणारे काम येथे भागत नाही. एक टेकू काढून दुसरा लावला गेला, आणि कोणता बरा हे नक्कल करणाऱ्याच्या हेतूवर ठरते.

आज असा तुकडा ठेवायचा झाल्यास

महाराष्ट्राच्या जिल्हानिहाय नकाशाचा एखादा तुकडा आज इतरांसाठी ठेवणाऱ्याने जिस्टच घ्यावे, असे मी सुचवेन. मात्र सीमांची फाइल त्याच संचात ठेवावी, मग प्रती कितीही झाल्या तरी चालेल. त्यासाठी ती लहान असावी लागते, कारण जिस्टच्या एपीआयतून (इतर प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या मार्गातून) प्रत्येक फाइलचा एक एमबीपर्यंतचाच मजकूर मिळतो. ‘मॅपशेपर’सारख्या साधनाने सर्व जिल्हे एकत्रच सोपे करावेत, एकेक जिल्हा वेगळा सोपा केला, तर शेजाऱ्यांच्या सामाईक सीमा जुळत नाहीत आणि मध्ये पांढऱ्या फटी पडतात. लायब्ररीची आवृत्ती पत्त्यात पूर्ण आकड्यांनिशी लिहावी, जोडणी क्रमांकाने करावी आणि क्रमांक न जुळल्यास राखाडी रंग द्यावा.

परवान्याची एक ओळही अवश्य असावी. जिस्टवर उघडे ठेवले म्हणून कोड मुक्त होत नाही. परवाना नसेल, तर सर्व हक्क कर्त्याकडेच राहतात. ब्लॉक्समध्ये यासाठी एका छोट्या मांडणीफाइलची सोय होती आणि बॉस्टॉक यांच्या अनेक ब्लॉकवर जीपीएल ३ हा कडक अटींचा परवाना लिहिलेला होता, तर डी३ लायब्ररी स्वतः त्याहून सैल अशा बीएसडी परवान्याखाली होती. लायब्ररी मुक्त आहे म्हणून उदाहरणही तितकेच मुक्त असे समजून ते बंदिस्त प्रकल्पात टाकणाऱ्यांना हा फरक क्वचितच दिसला. आणि रीडमीत, कोड कसे चालते यापेक्षाही आधी, सीमा कोणत्या सालच्या, आकडे कोणत्या सालचे आणि पालघरचे काय केले, हे लिहावे; कोड वाचून हे कोणालाही कळणार नाही.